गोदाकाठच्यांनो, उजेड आहे तोवर निघा

28 सप्टेंबर 2025 आठवा. जायकवाडीचे दरवाजे उघडले, तीन लाख क्युसेकच्या वर पाणी गोदावरीत आलं. राक्षसभुवनचं शनिमंदिर पाण्यात, सांडस चिंचोलीला वेढा. काढणीला आलेलं सोयाबीन आणि फुटलेला कापूस डोळ्यांदेखत गेला. गेवराई, माजलगाव, परळीच्या मळईतल्या माणसांनो, असा पूर पुन्हा येईल. त्या वेळी घरात अडकून राहू नका.

पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघू नका. ते आधी दारात येत नाही, रस्त्यात येतं. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे तुंबतात. वस्ती कोरडी असते, चुलीवर भाकरी असते आणि मागचा पूल बुडालेला असतो. मंजरथला तर सिंदफणाही गोदेला मिळते. माजलगाव धरणातूनही पाणी सुटलं की दोन्हीकडून कोंडी. म्हणून ओढ्यावर नजर ठेवा. त्याचं पाणी उलटं वर चढायला लागलं की निघा. दिवसाउजेडी निघा. रात्र काढू नका.

आजच एक पिशवी भरा. सातबारा, पासबुक, आधार, म्हातारीच्या गोळ्या, लेकरांची दप्तरं. प्लास्टिकमध्ये गुंडाळा, दाराजवळ टांगा. जनावरं आधी हलवा. जमलंच नाही तर दावं कापा. सुटलेली गाय पोहून काठ गाठू शकते. दावणीची जागीच मरते.

आणि हात जोडून सांगतो, नदीतली मोटर काढायला पुरात उतरू नका. ऊसतोडीच्या उचलीतून घेतलेली मोटर वाहून जाताना बघवत नाही, हे मला कळतं. तरीही उतरू नका. मोटर उसनवारी करून पुन्हा घेता येईल. घरच्यांनी तुम्हाला कुठून आणायचं?

उंचावरच्या गावकऱ्यांनो, तुमचं काम पाणी चढायच्या आधीचं. शाळेची किल्ली कुणाकडे आहे, ते आजच ठरवा. मंदिराचा सभामंडप मोकळा ठेवा, थोडा कडबा राखून ठेवा. खालच्या वस्तीवर एकटी म्हातारी माणसं असतात, ओल्या बाळंतिणी असतात. ‘आम्हाला न्या’ असं कुणी म्हणणार नाही. तुम्हीच ट्रॅक्टर घेऊन जा. मागच्या वेळी तुम्ही त्यांच्यासाठी चुली पेटवल्याच होत्या; या वेळी थोडं लवकर पेटवा.

तरीही कुणी अडकलंच तर 1077 ला फोन करा, लागला नाही तर 112 ला. गाव कोणतं, माणसं किती, उंच जागा कुठली, एवढं सांगा. मोबाईलची बॅटरी संपते, म्हणून हे दोन्ही नंबर आज भिंतीवर लिहा. कोळशानं लिहिले तरी चालतील.