घाटातला जळका वास

मोटारीत येणारा जळका वास ही बहुधा बिघाडाची खूण असते. आणि तो कशाचा आहे हे शोधण्याआधी तो नेमका केव्हा येतो, चढावर, उतारावर, की एखादे बटण दाबल्यावर, एवढे ठरवले, तरी निदानाचे बरेचसे काम गॅरेज गाठण्यापूर्वीच उरकते. माणसाचे नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावत असल्यामुळे ‘आता वास गेला’ या समजुतीवर विसंबण्यात अर्थ नसतो. गाडी सुरक्षित जागी थांबवावी, मोकळ्या हवेत थोडा वेळ घालवावा आणि मग प्रत्येक चाकापाशी व बोनेटच्या फटीपाशी वास घेऊन पाहावा. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी त्याआधी दूर करावी, कारण मोटारीच्या निदानात तिच्याइतका अडथळा दुसरी कोणतीही वस्तू आणत नसेल.

वास आपल्याच गाडीचा आहे का, हाही प्रश्न फिजूल नाही. ब्लोअर बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ओढतो, त्यामुळे बोरघाटात खोपोलीकडे उतरणाऱ्या अवजड ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा वास मागच्या मोटारीत सहज शिरतो. आतलीच हवा फिरवणारे बटण दाबल्यावर वास ओसरला, तर त्याचा उगम बाहेर किंवा इंजिनाच्या बाजूला असतो. ओसरला नाही, तर ब्लोअर आणि डॅशबोर्डमागचे वायरिंग तपासावे लागते.

चढावर येणारा, जळलेल्या कागदासारखा वास बहुधा क्लचचा असतो. क्लचप्लेट ही इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट या दोहोंमध्ये धरलेली चकती असून तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते. घाटात वाहतूक खोळंबली की अनेक चालक ब्रेक वा हँडब्रेक न वापरता पेडल अर्धवट दाबून गाडी चढावर तोलून धरतात. या ‘हाफ क्लच’मध्ये चकती धड पकडतही नाही आणि धड सुटतही नाही, ती घसरत राहते आणि अस्तर भाजते. असे एखाद्या वेळीच घडले असेल, तर गाडी थोडा वेळ थंड होऊ देणे पुरते. पण वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढत नाही, असे दिसले तर प्लेट झिजलेली असण्याचा संभव मोठा असतो. तरीही प्लेट बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, केबलवर चालणारा क्लच असल्यास, ती प्रमाणाबाहेर ताणलेली नाही ना हे पाहिले पाहिजे, कारण ताणलेली केबल पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबून धरते. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी जबर असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलण्याचा रिवाज रास्त आहे. मात्र त्याच वेळी इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे का, हे न पाहणारा मेकॅनिक नवी प्लेटही तेलात भिजवून ठेवतो.

उतारावर येणाऱ्या उग्र वासाची जागा चाकांत शोधावी. चारही ब्रेक सारखेच तापले असतील, तर दोष चालवण्याच्या पद्धतीत असतो आणि खालच्या गिअरमध्ये उतरणे हाच त्यावरचा उपाय ठरतो; एकच चाक तापत असेल, तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर गंजाने किंवा चिखलाने जाम झालेला असतो आणि त्याच्या पिना साफ करून ग्रीस लावल्याने किंवा तो बदलल्याने वास थांबतो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण अचानक गार झालेली धातू वाकते वा तडकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा मुरल्यावर प्रमाणानुसार तो 140 अंशांवर आला तरी चालतो. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते आणि पेडल खोल जाते. म्हणून कोकणच्या दमट हवेत हे ऑइल वेळेवर बदलणे अगत्याचे असते.

गोडसर वास कूलंटच्या गळतीचा, तर बोनेटमधून धुरासह येणारा तेलकट वास झिजलेल्या पॅकिंगमधून तापल्या सायलेन्सरच्या नळीवर ठिबकणाऱ्या ऑइलचा असतो. त्याच नळीला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीही पुष्कळदा सगळ्या घबराटीचे कारण ठरते.

विजेच्या तारांचा वास मात्र थांबून विचार करण्याला फारसा अवधी देत नाही. 60 वॅटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात; हौसेने 100 वॅटचे दिवे बसवले की तो 17 अँपिअरच्या घरात जातो आणि मूळ तारा व होल्डर वितळू लागतात. अशा वेळी फ्यूज, म्हणजे प्रवाह हद्दीबाहेर गेला की स्वतः वितळून मार्ग तोडणारी पट्टी, वारंवार उडतो, आणि त्याजागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सल्ला अत्यंत घातक आहे, कारण त्यानंतर फ्यूजऐवजी तार जळते. वास येताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि शक्य झाल्यास बॅटरीची ऋण तार सोडवावी. बोनेटच्या फटीतून दाट धूर येत असेल, तर ते उघडू नये, प्रवाशांना घेऊन दूर व्हावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. दुरुस्तीत वितळलेली तार नुसती टेपने न गुंडाळता तिचा खराब भाग कापून त्याच जाडीची नवी तार जोडावी, आणि जादा वॅटचे दिवे ठेवायचेच असतील तर ते कायद्याच्या मर्यादेत बसतात का हे पाहून त्यांना स्वतंत्र रिले, वेगळा फ्यूज व जाड वायरिंग द्यावे.