चहा नको म्हणणारी मुलं

पेणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा दहावीत. स्वाध्याय केंद्रात नेमानं जातो, आणि आता जन्माष्टमीच्या पथनाट्याच्या तालमी सुरू झाल्यात. वडील म्हणतात, "मार्चमध्ये पेपरात पथनाट्य लिहून येणार आहेस का?" आई मधल्यामध्ये. त्या विचारतात, त्याचं जाणं बंद करू का?

अहो, हीच वेळ रोह्याला माझ्या नणंदेच्या घरी आली होती. म्हणून उत्तर जरा लांबणार!

रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव. १९२० सालचा त्यांचा जन्म. १९४२ पासून ते मुंबईला माधवबागेतल्या पाठशाळेत गीतेवर प्रवचनं करू लागले, त्यातूनच पुढे स्वाध्याय परिवार वाढला. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९७ साली टेंपलटन. मी स्वतः स्वाध्यायी नाही. एकाच माणसाचा शब्द अखेरचा मानणं मला जमत नाही. पण भाचीचं म्हणणं मात्र मनात घर करून बसलंय.

ती मुलं भक्तिफेरीला जवळच्या एका वाडीवर जात. भाडं ज्याचं त्यानं भरायचं, डबा घरचा, आणि ज्यांच्या घरी जायचं त्यांच्याकडे जेवायचं नाही. एकदा मीही हौसेनं बरोबर गेले. पहिल्याच घरी बाईंनी चहा टाकते म्हटलं, नि मी लगेच "अर्धा कप चालेल" म्हणून मोकळी! भाचीनं हळूच माझा पदर ओढला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मामी, त्यांनी शेजारून साखर आणली, बघितलंस ना? दर वेळी असं झालं तर आम्ही येताना दिसलो की त्यांच्या पोटात गोळाच येईल."

पंधरा वर्षांची पोर! आम्ही महिला मंडळाच्या बायका वर्षातून एकदा चादरी वाटायला जातो, फोटो काढतो, त्यांचाच चहा पिऊन परत येतो. ही मुलं हात हलवत जातात, ओट्यावर बसतात, नि पुढच्या वेळी पुन्हा जातात. पहिल्या दोन फेऱ्यांत म्हणे कुणी धड बोललंसुद्धा नाही. मी असते तर तिसऱ्यांदा गेलेच नसते.

आता तुमच्या प्रश्नाचं. वडिलांची काळजी खोटी नाही, दहावी ती दहावीच. पण "बंद" म्हणण्याआधी मुलालाच वही घेऊन बसवा, अभ्यासाचे तास त्यालाच मांडू द्या. भाचीनं आपणहून मोठी भूमिका सोडली, ढोलकीवाल्याशेजारी कोरसात उभी राहिली, आणि गणिताला रोज पहाटेचा तास दिला. नणंदबाई तरी धुसफुसतच होत्या. शेवटी पेणच्या बाजारात प्रयोग होता, तिथं मी त्यांना ओढून नेलं. मध्येच एक मुलगा संवाद साफ विसरला. कोरसानं लगेच टाळ्यांचा ठेका धरला, दुसऱ्यानं त्याचं वाक्य उचललं. लोकांना पत्ताही लागला नाही.

परतीच्या एसटीत वन्संनी विचारलं, "अगं, तो विसरलेला मुलगा कोणाचा?"

"कुठला गं आई?" म्हणून भाची खिडकीबाहेर बघत बसली.