बटण निळं हवं की जांभळं?

मुलांसाठी ॲप काढणाऱ्यांना हल्ली मुलांना विचारायची फार हौस. इंग्रजी फाडफाड बोलणारी चार चुणचुणीत पोरं गोळा करायची, समोसे द्यायचे, 'बटण निळं हवं की जांभळं?' विचारायचं आणि फोटो काढायचा. झाला सहभाग! अशा बैठकांना मी बसलोय. 'हे ॲप मुळात हवंय का?' हा प्रश्न तिथे मी कधी ऐकला नाही.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे वापरून घेणं, सजावट आणि नावापुरती हजेरी यांना, ते सहभाग मानतच नाहीत. आपली मंडळी दुसऱ्या पायरीवरूनच गच्ची गाठल्याची दवंडी पिटतात.

पैसे मोजून 'संशोधन' करणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन फेसबुकने आपलं 'रिसर्च' ॲप त्यांच्या फोनमध्ये घुसवलं. फोनवरच्या बहुतेक उलाढाली त्यातून कंपनीला पाहता येत. २०१९ मध्ये बिंग फुटलं. कंपनीनेच नंतर दिलेला आकडा १,८७,००० जणांचा. त्यात अमेरिकेतले ३१,०००, पैकी ४,३०० किशोरवयीन. उरलेले दीड लाखावर लोक आपले, भारतातले.

मुलं बोलत नाहीत, असं तर मुळीच नाही. शरीराबद्दल आधीच धास्तावलेल्या मुलींपैकी तिघींत एकीची धास्ती फेसबुकच्याच इन्स्टाग्राममुळे वाढते, हे कंपनीच्या संशोधकांना मुलींनीच सांगितलं होतं. ते जगाला कळलं २०२१ मध्ये, तेही कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कागद बाहेर काढले म्हणून. विचारलं, ऐकलं आणि खणात कोंबलं.

ऐकायला भाग पाडायचं तर मागे ताकद लागते. नॉर्वेत १९७० च्या दशकात धातुकामगारांनी संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगोर यांच्यासोबत कारखान्यातल्या संगणकांचा विचार केला, तेव्हा कामगारांमागे संघटना होती. पोरांमागे कोण आहे? आपला २०२३ चा डेटा कायदा सात वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुलाला एकाच रांगेत बसवून पालकांची संमती मागतो. संमतीसाठी आईच्या मोबाईलवर आलेला ओटीपी घरात वाचते कोण? जिच्यासाठी संमती मागितली, तीच पंधरा वर्षांची पोरगी!

मुलांना बोलवायचंच तर आराखडा ठरण्याआधी बोलवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली, घरात एकच फोन असलेली पोरं बोलवा. प्रमाणपत्राऐवजी मानधन द्या. त्यांनी काय सांगितलं आणि त्यातलं तुम्ही काय फेकून दिलं, ते छापा. आणि ती 'नको' म्हणाली तर काम थांबवू, हे आधीच लेखी द्या.