डबा लावू की नको?

नाना पेठेतल्या दुकानदारकाकांनी काउंटरवर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा डबा ठेवला. ‘टर्बो आहे ना मॅडम? मग ऑइल कॅच कॅन हवाच!’ माझा हात पर्सकडे गेलासुद्धा. (ईएमआय कापून उरलेली पर्स!)

आयडिया तशी करेक्ट आहे. पिस्टन रिंगांमधून निसटलेला गॅस ऑइलची वाफ घेऊन पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे पुन्हा इनटेकमध्ये येतो. माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह धुवायला कुणीच नाही, तिथे कार्बन साचतो. डबा ते ऑइल वाटेतच अडवतो. तुमचं पोर्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोलच व्हॉल्व्ह धुतं, पैसे वाचवा.

पण डबा वेळच्या वेळी रिकामा कोण करणार? इथे फ्रिजमधल्या बाटल्या भरायचा कंटाळा! तुडुंब भरला, की तेच ऑइल-पाणी परत इंजिनात. शिवाय वॉरंटीची दोन वर्षं बाकी. पाइपात केलेली छेडछाड दिसली, की क्लेम नाकारायला आयतं कारण.

‘काका, उघडून दाखवा ना.’ आत जाळी नाही, पडदा नाही, नुसता पोकळ डबा. यात वाफ थांबेल कशाला?

‘वॉरंटी संपली की येते,’ म्हटलं, आणि ऑइल फिल्टर तेवढा घेतला.