तीन पिढ्यांचा निवाडा

सोयरीक जुळवितांना घराण्यांतील वेड व कोड यांची चौकशी आपण करतोंच; परंतु ती सरकारच्या हातीं गेल्यास काय होतें, हें आमच्या वाचकांनीं कॅरी बक हिच्या हकीकतींत पाहावें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत १९२४ सालीं सरकारी आश्रमांतील मंदबुद्धि माणसांस निर्बीज करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षीं ही अविवाहित मुलगी माता झाली. पालकांच्या एका आप्तानेंच बलात्कार केला, असें तिनें पुढें सांगितलें. तिला मंदबुद्धि ठरवून, आई होती त्याच आश्रमांत धाडण्यांत आलें. तिसरी पिढी म्हणजे कन्या व्हिव्हियन. त्या सात महिन्यांच्या तान्ह्याची मुद्रा एका समाजसेविकेस ठीक वाटली नाहीं, हाही पुरावा ठरला! कॅरीचा वकील पूर्वीं त्याच आश्रमाच्या व्यवस्थापक मंडळावर होता. त्यानें कितपत तळमळीनें वाद घातला असेल, तें सांगणें नको. १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ८ विरुद्ध १ मतांनीं कायदा ग्राह्य ठरविला; निकाल न्यायमूर्ति होम्स यांनीं लिहिला, आणि त्याच वर्षीं शस्त्रक्रिया उरकण्यांत आली.

व्हिव्हियन शाळेंत गुणवंतांच्या यादींत आली, व १९३२ सालीं ८ वर्षांची असतां वारली. व्हर्जिनियाच्या राज्यपालांनीं क्षमा मागितली ती २००२ सालीं. कॅरी १९८३ सालींच निवर्तली होती.