समुद्रावर नवी खोती नको

रायगड जिल्ह्यातील दिघीच्या धक्क्यावरून राजपुरीच्या खाडीकडे पाहिले की तीन तऱ्हेच्या नौका दृष्टीस पडतात. समोरच्या जंजिरा किल्ल्याकडे प्रवासी नेणाऱ्या होड्या ही पहिली तऱ्हा, आगरदांड्याहून माणसे व मोटारी घेऊन ये-जा करणारी फेरीबोट ही दुसरी आणि बंदरात मालासाठी येणारी मोठी जहाजे ही तिसरी. (मच्छीमारांचे पडाव या साऱ्यांच्या आधीपासून तेथे आहेत, बहुधा म्हणूनच त्यांची गणना करण्याची कोणास आठवण राहत नाही.) या तिन्हींच्या मिळकतीच्या वाटा निरनिराळ्या आहेत. होडीच्या भाड्याचा पैसा तांडेल आणि खलाशी यांच्या हातून थोड्याच वेळात गावच्या वाण्याकडे पोहोचतो. फेरीबोटीचा काही भाग गावात राहतो, काही बाहेर जातो. मालवाहू जहाजाचा पैसा मात्र गावात जवळजवळ उतरतच नाही. तो कागदोपत्री येतो आणि कागदोपत्रीच निघून जातो. कोकण किनाऱ्यावर चौथ्या तऱ्हेची नौका आणण्याचे मनसुबे अधूनमधून ऐकू येतात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ही चौथी नौका म्हणजे पाणबुड्या पर्यटकांची मुक्कामी नौका. मराठी मध्यमवर्गाची सुट्टी महाबळेश्वर-माथेरानपुरती मर्यादित राहिल्याचे दिवस केव्हाच मागे पडले. पुण्या-मुंबईचे पगारदार तरुण आता मालदीवच्या कंकणद्वीपांत आठवडाभर बोटीवरच राहतात, दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळांच्या बागा पाहून येतात आणि घरी परततात ते एकाही मालदीवी माणसाच्या घराची पायरी न चढता. विमानतळावरून थेट बोटीवर आणि बोटीवरून थेट विमानतळावर, असा हा प्रवास असतो. खाणे, झोपणे, टाक्यांत हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, वाटाड्या, सारे काही बोटीवरच. पंधरा-वीस पाहुण्यांसाठी चालणारे हे एक तरते खानावळघर असून त्याला शेजारी नसतो, ही त्याची खरी मोहिनी होय. आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने हाच त्याचा खरा दोष.

आपल्याकडे अशी नौका कोठे जाणार? दिघीच्या गढूळ खाडीत बुडी मारणाऱ्यास स्वतःचा हातही धड दिसावयाचा नाही. महाराष्ट्रापुढे जे स्थळ आहे ते विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही पाण्याखालची पठारवजा उंची सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असून तिचा माथा पृष्ठभागाखाली वीस मीटरांच्या आसपास आहे. तेथे जमिनीचा कणही वर आलेला नाही. बुडालेले कंकणद्वीप असे तिचे वर्णन केले जाते. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, त्याच्या काठाने प्रवाळ मात्र वर वर वाढत राहते आणि शेवटी बेट जाऊन कंकण उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली होती. प्रत्येक प्रवाळभूमी याच रीतीने घडली असे नव्हे, परंतु ती घडण्यास लागणारा काळ मानवी हिशेबात बसणारा नाही, एवढे खरे. आंग्रियाचे पाणी निवळ आणि प्रवाळ वैभवशाली आहे. किनाऱ्यापासून ताशी आठ सागरी मैलांच्या गतीने जाणाऱ्या बोटीला तेथे पोहोचावयास सात तास लागतील. दिघीहून तर हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक भरेल. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे शक्य नाही. म्हणजे आंग्रियाचे पर्यटन व्हावयाचेच असेल तर ते मुक्कामी नौकेवरूनच होणार.

येथे रिकार्डोने १८१७ मध्ये सविस्तर मांडलेल्या खंडाच्या कल्पनेची आठवण होते. जमिनीच्या नैसर्गिक सुपीकतेपोटी, म्हणजे कोणाच्याही श्रमाने निर्माण न झालेल्या देणगीपोटी, जे जादा उत्पन्न मिळते ते खंड. मुक्कामी नौकेचा मालक पाहुण्याकडून जे घेतो त्यात इंधन, अन्न, पगार आणि भांडवलाचा वाजवी मोबदला असतोच. पण त्याखेरीज एक भाग प्रवाळाचा असतो. तेच जेवण आणि तीच खोली दाखवून कोणी दिघीच्या खाडीत त्या दराने गिऱ्हाईक मिळवू शकणार नाही. प्रवाळ मालकाने लावले नाही, राखले नाही, विकतही घेतले नाही. तरीही त्याचा खंड त्याच्या खिशात जातो.

कोकणाला हा प्रकार नवा नाही. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा राहून खंड वसूल करणारा खोत येथे पिढ्यान्पिढ्या नांदला. त्याच्याविरुद्ध याच जिल्ह्यातील चरी गावच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि अखेर १९४९ मध्ये कायद्याने खोती गेली. जमिनीवरील खोती घालविण्यास एवढे सायास पडले. समुद्रावर ती नव्याने बसविण्यास मात्र एखाद्या परवान्याची सही पुरेल, अशी स्थिती आहे.

कारण आंग्रियावर धनी कोण, याचे उत्तरच अडचणीचे आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र हा प्रादेशिक समुद्र. मासेमारीच्या नियमनाचा राज्याचा अधिकार तेथवर चालतो. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत जे आर्थिक क्षेत्र आखले गेले ते केंद्राच्या अखत्यारीतील आहे. आंग्रिया या दुसऱ्या पट्ट्यात मोडते. वन्यजीव कायद्याखालील अभयारण्याची नेहमीची वाट तेथे सरळपणे लागू पडत नाही, आणि मुंबईला अधिकार नाही अशा ठिकाणाची दिल्लीला घाई नसते. ज्याला धनी नाही ते सर्वांचे, आणि सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याची एक सोय आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचा नाश अटळ असल्याचे सांगितले, ते पुष्कळांस पटले. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक जलसंपदा, कुरणे आणि मासेमारीचे किनारे तपासून १९९० मध्ये याच्या विरुद्ध पुरावा पुढे ठेवला. वापरणारे लोक स्वतःचे नियम करू शकत असतील तेथे सामाईक संपत्ती टिकते, हे त्यांनी दाखविले. त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिंधुदुर्गातील रापणकराला हे सांगण्यासाठी नोबेलची गरज नव्हती. रापण ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा तेथे ठरलेला असतो.

मुक्कामी नौकेच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. तिच्यामुळे किनाऱ्यावर काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत नाहीत, वाळू खणली जात नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या पडणाऱ्या कोकणच्या विहिरींवर पर्यटकांच्या स्नानगृहांचा भार पडत नाही. हे म्हणणे खोटे नाही. तथापि किनाऱ्यावरचा भार टळला म्हणजे भार नाहीसा झाला असे होत नाही, तो समुद्रावर जातो. जहाजांच्या सांडपाण्याविषयी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांनुसार १२ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मुभा आहे. आंग्रिया त्या रेषेच्या कितीतरी बाहेर आहे. नांगराची गोष्ट तर याहून साधी. साखळीसह नांगर प्रवाळावर पडला की वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढणारे प्रवाळ क्षणार्धात भुगा होते. त्यातच समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याची संकटे १९९८ पासून वारंवार येऊ लागली आहेत आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक संकटाची नोंद केली. जो ठेवा आधीच आजारी आहे त्याला नांगराचा घाव परवडणारा नाही.

मालदीवने या प्रश्नाशी अर्धशतकाहून अधिक काळ झुंज दिली आहे. तेथे पर्यटनाचा आरंभ १९७२ मध्ये झाला आणि प्रदीर्घ काळ परदेशी पाहुण्यांना निर्जन बेटांवरच ठेवण्याचे धोरण राहिले. लोकवस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे चालविण्याची मोकळीक २००९ च्या सुमारास मिळाली, तेव्हा कोठे सामान्य कुटुंबाला या धंद्यात पाय ठेवता आला. २०१५ पासून तेथे पाहुण्यामागे दर दिवसाचा हरित कर आहे. जानेवारी २०२५ पासून मुक्कामी नौकांवरील पाहुण्यासाठी तो सहा डॉलरवरून बारा डॉलर झाला. कर बसला म्हणून पाहुणे थांबले नाहीत. प्रवाळाचा खंड वसूल करता येतो, हे या लहानशा देशाने सिद्ध केले आहे. तो किनाऱ्यापर्यंत पोहोचविण्याच्या कामी मात्र त्यालाही चाळीस वर्षे लागली. आपल्याच लक्षद्वीपमध्ये ‘समुद्रम’ नावाची सरकारी सहल चालत आली आहे. तीत प्रवासी रात्री जहाजावर झोपतात, परंतु दिवसा बेटावर उतरतात आणि दुपारचे जेवण तेथेच घेतात. एका जेवणाने बेटाचे दारिद्र्य हटत नाही हे खरे, पण पैसा उतरण्यासाठी शिडी तरी लावलेली असते.

महाराष्ट्रातही धडा घेण्याजोगे उदाहरण आहे. मालवण-तारकर्लीला जी पाण्याखालची सफर चालते ती किनाऱ्यावरून चालते. राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीस २०१५ मध्ये स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. स्थानिक मुले वाटाडे झाली आणि न्याहारी-निवासाची घरे व खानावळी यांना गिऱ्हाईक मिळाले. हा धंदा निर्दोष नाही. मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटून दोघांचे प्राण गेले. गर्दी, घाई आणि पायांखाली तुडविले जाणारे प्रवाळ ही तेथील नित्याची दुखणी आहेत. पण त्यांवर तक्रार करणारा माणूस त्याच गावात राहतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोही. मुक्कामी नौकेबाबत ही सोय नाही. भर समुद्रात काय घडले याचा साक्षीदार तिच्यावरचा पगारी नोकर किंवा सुट्टीवर आलेला पाहुणा एवढाच.

सुरक्षिततेचा विचारही याच अंगाने व्हावयास हवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या मुक्कामी नौकेला रात्री आग लागून तळमजल्यावर झोपलेल्यांसह ३४ जण मृत्युमुखी पडले. किनारा जवळ असूनही हे घडले. आंग्रियावर तोच प्रसंग आला तर मदत तासांच्या हिशेबात येईल. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ मुंबईपासून हाकेच्या अंतरावर बुडाली आणि शेकडो घरे उजाड झाली, हे रायगडच्या किनाऱ्यावर अजून सांगितले जाते. शिवाय वीस मीटरांचा माथा म्हणजे नवशिक्यांचे पाणी नव्हे. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या पाणबुड्याची मर्यादा १८ मीटर धरली जाते. म्हणजे गिऱ्हाईक थोडे, हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच आणि धोका अधिक. अशा धंद्यात बाहेरचे मोठे भांडवल येईल ते मक्तेदारी मागूनच येईल.

दिघीला मक्त्याचा अनुभव आहे. येथील बंदर विकसित करण्याचा करार २००२ मध्ये झाला, त्या कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२१ मध्ये ७०५ कोटी रुपयांना बंदर अदानी समूहाकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचे नाव असून त्यासाठी सहा हजार एकरांहून अधिक क्षेत्र योजिले आहे. या सर्व उलाढालीत खाडीतील मासेमाराला किंवा होडीवाल्याला भागीदार म्हणून कोणी विचारले नाही. तो नुकसानभरपाईच्या यादीतील एक नाव, एवढेच. भरपाई आणि भाग यांतील अंतर हेच कूळ आणि मालक यांतील अंतर आहे.

मुक्कामी नौकेचा कारभार अजून आरंभला नाही, म्हणूनच तो नीट आरंभता येईल. आंग्रियाला जाणाऱ्या प्रत्येक नौकेचे मूळ बंदर कोकणातील असावे आणि शिधासामग्री तेथेच भरावी, ही अट परवान्यात घालणे केंद्राला कठीण नाही. नौकेच्या भांडवलात मच्छीमार सहकारी संस्थांचा हिस्सा असावा. सुरुवातीचा हिस्सा राज्याने कर्जरूपाने द्यावा आणि तो नफ्यातून फेडून घ्यावा. पाहुण्यामागे दैनिक आकार घ्यावा आणि तो मुंबईच्या तिजोरीत न जाता किनाऱ्याच्या तालुक्यांच्या स्वतंत्र निधीत जावा. नांगर टाकण्यास पूर्ण बंदी करून पक्के बोये बसवावेत व बोयांच्या संख्येहून अधिक नौका सोडू नयेत. सांडपाणी परत बंदरात आणावे. धक्क्यावर ते उतरवून घेण्याची व्यवस्था नसेल तर परवानाच देऊ नये.

माणसांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यातील कित्येक घरांतील माणसे परदेशी जहाजांवर नोकऱ्या करून आली आहेत; त्यांना समुद्र शिकवावा लागत नाही. १ जूनपासून निदान दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि तांडेल जाळी विणीत बसतात. तारकर्लीच्या संस्थेने याच दिवसांत दिघीला शाखा उघडून कॉम्प्रेसरची दुरुस्ती, प्रथमोपचार आणि हवेच्या टाकीची तपासणी शिकवावी. प्रत्यक्ष बुडी मारण्याचे शिक्षण पावसाळ्यानंतर तारकर्लीला देता येईल. पहिल्या तुकडीस विद्यावेतन द्यावे लागेल, कारण त्या महिन्यांत घरात दुसरी मिळकत नसते.