पडद्यावरचा मानसवैद्य

मनाच्या दुखण्यासाठी वैद्याकडे जाणे ही गोष्ट बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून अजूनही चोरूनच केली जाते. कारेलीबागेतील मनोरुग्णालयाच्या फाटकाशी कोणी ओळखीचा दिसला, की संध्याकाळपर्यंत बातमी रावपुऱ्यात पोहोचते. अशा गावात घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर समुपदेशक भेटू लागले आणि लोक त्यांच्याकडे वळले, यात नवल ते काय? २०२० च्या टाळेबंदीत ही रीत रुजली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली काढली; १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही विनामूल्य सरकारी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. गरज किती होती, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने आधीच सांगितले होते. निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी शेकडा ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नव्हते.

दुरून मन कसे कळणार, अशी शंका वडीलधारी मंडळी काढतात. पण फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या लहानग्या हान्सच्या प्रकरणात बहुतेक उपचार मुलाच्या वडिलांमार्फतच झाला होता. मुलाची व त्याची त्या काळात गाठ पडली ती एकदाच. मुंबईचे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली, तीही वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारातून. चिंता व नैराश्य यांवरील विचार-वर्तन उपचार इंटरनेटवरून, माणसाच्या मार्गदर्शनाखाली दिले, तर ते समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीचे ठरतात, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा केवळ अंतराला दोष देऊन भागणार नाही.

उलट आपल्यासारख्यांना या अंतराचाच एक लाभ आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बाजार गुजरातीत, कचेरी इंग्रजीत, पण भांडण मात्र मराठीत, अशी आपली तीन-तीन पिढ्यांची रीत. येथील गुजराती समुपदेशक कितीही कुशल असो, 'मानपान' म्हणजे काय आणि त्यावरून दोन भाऊ वर्षभर अबोला का धरतात, हे त्याला आधी समजावून द्यावे लागते. सून 'आई' म्हणते तेव्हा ती माहेरची की सासरची, हे मराठी कानाला बोलण्याच्या ओघातच उमगते. जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडतो, घुसमट होते, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. इंग्रजीत बोलताना त्या तिन्हींचे एकच 'टेन्शन' होऊन बसते. ठाण्या-पुण्याचा मराठी समुपदेशक आता पडद्यावर मिळतो, हे आपल्यासाठी थोडे नव्हे.

मात्र खरी अडचण आहे ती खोलीची. समुपदेशक गृहीत धरतो की बोलणाऱ्याला लावून घेण्याजोगे दार आहे. आपल्या घरांत भर दुपारी सुनेने दार लावले, तर त्याचीच चौकशी होते! कानातल्या यंत्राने समुपदेशकाचा आवाज झाकला जातो, आपला नाही. मग कोणी गच्चीवर जाते, कोणी गाडी रस्त्याकडेला उभी करून बोलते. तक्रार नवऱ्याविषयी आणि नवरा पलीकडच्या खोलीत, अशा वेळी मोकळेपणाने काय बोलणार? मारहाण होत असेल, तर असे बोलणे धोक्याचेही ठरते. तेथे प्रत्यक्ष भेटीची सुरक्षित जागाच हवी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या आठवड्याच्या ठरलेल्या वेळेची वाट पाहणे बरोबर नव्हे. घरच्यांनी माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दार लागले तरी गुपित राहतेच असे नाही. फिनलंडमधील 'वास्तामो' या उपचारसंस्थेच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० साली थेट रुग्णांनाच खंडणीच्या धमक्या आल्या. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना पुरवल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला. कंपनीने तो मान्य केला नाही, तरी २०२३ साली ७८ लाख डॉलर भरण्यावर तडजोड झाली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण ज्या ॲपमध्ये आपण 'मान्य' म्हणून बोट टेकवतो, त्याच्या अटी वाचतो कोण?

आणखी एक गोष्ट पदव्यांची. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र अल्पमुदतीचा वर्ग केलेलेही नावापुढे लावतात. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. येथे शिक्षण कोठे झाले, नोंदणी क्रमांक कोणता, टिपणे कोठे ठेवता आणि बोलता-बोलता फोन तुटला तर पुढे काय करावयाचे, एवढे चार प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यास संकोच कशाला? चांगला समुपदेशक त्यांची उत्तरे न चिडता देतो.